काढता येईल तेच लावावे

मोटारीला काय लावावे हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न. लावलेले पुन्हा जसेच्या तसे काढता येईल का, हा मात्र हिशेबाचा प्रश्न आहे. आणि उमेदीची सगळी वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेल्यामुळे मला तो आधी सुचतो.

आमच्या अलोऱ्यात, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत आणि आसपासच्या वाड्यांत, जुनी हॅचबॅक घेऊन तिच्या पाठीवर पंख बसवणारी तरुण मुले आता बरीच दिसतात. पंख बसवायचा म्हणजे डिकीच्या पत्र्याला ड्रिलने चार भोके पाडायची. 'काका, त्यामुळे गाडी हवा कापते,' असे त्यांतला एक जण मला म्हणाला. हवेचे पुढे पाहू. पत्रा कापला गेला एवढे नक्की. कारखान्यातून पत्रा येतो तो गंजरोधक लेप आणि रंगाचे थर अंगावर घेऊन. भोक पडले की कड उघडी पडते, आणि चार महिने पाऊस कोसळणाऱ्या कोकणात उघडी कड म्हणजे गंजाला मोकळे रान. भोक बुजवता येते, पण जुना पत्रा परत येत नाही.

आता हवेकडे येऊ. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट तर अवरोध चौपट. साधारण छोट्या मोटारीला ताशी 40 किलोमीटरला हवा पाच किलो वजनाच्या जोराने मागे रेटते, 80 ला एकवीस आणि 100 ला तेहेतीस किलोच्या. म्हणजे अलोरे ते चिपळूण या रस्त्यावर, एसटीच्या मागे रांगेत जाताना, वाऱ्याशी झुंजण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. तो येतो मुंबई-गोवा महामार्गाच्या मोकळ्या टप्प्यावर, किंवा कराडला उतरून पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर. शर्यतीच्या गाडीचा पंख तर गाडी जमिनीवर दाबून धरण्यासाठी असतो, आणि त्याची किंमत म्हणून अवरोध वाढवतो. आपण ते शोभेचे लेणे पेट्रोल जाळून मिरवतो.

तात्पुरत्या गोष्टी लावून शिकता येते, याचा एक दाखला मला फार आवडतो. 1970 च्या दशकात अमेरिकेत 'नासा'च्या एडवर्ड्स येथील संशोधन केंद्रात अभियंत्यांनी एका जुन्या व्हॅनभोवती ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा काटकोनी खोका उभा केला. मग त्याच्या कडा गोलाकार करत गेले आणि दर वेळी अवरोध मोजला. तो निम्म्याच्या आसपास उतरला. आजच्या ट्रकांच्या गोलसर कपाळामागे त्या खोक्याचाही वाटा आहे. आपल्याला एवढा खटाटोप नको. लोकरीचे बोटभर धागे कागदी चिकटपट्टीने गाडीवर लावावेत, मित्राला शेजारच्या गाडीतून फोटो काढायला सांगावे. धागा सपाट वाहतो तिथे हवा नीट जाते. वेडावाकडा नाचतो तिथे भोवरा. खर्च दहा रुपये, आणि डाग एकही नाही.

पण सगळ्यांत फायद्याचा बदल लावण्याचा नाहीच, काढण्याचा आहे. गणपतीला मुंबईहून आलेल्यांच्या टपावर कॅरिअर असतो. सामान उतरते, कॅरिअर शिमग्यापर्यंत तसाच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात की टपावरच्या मोठ्या बोजड खोक्यामुळे महामार्गाच्या वेगाला मायलेज 10 ते 25 टक्के घटते. रिकामा कॅरिअर तेवढे खात नाही. पण खातो, आणि वर्षभर खातो. बँकेच्या भाषेत हे न उचललेल्या कर्जावरचे व्याज.

यानंतरचे उपाय दिसायला अगदी सामान्य: पुढच्या जाळीचा काही भाग झाकणे, पोटाखाली सपाट तक्ता लावणे, चाकांवर सपाट झाकणे बसवणे. सपाटीला तिन्ही उपयोगी. पण अलोऱ्याची गाडी दोन आयुष्ये जगते. पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाट सुरू झाला की खालच्या गिअरमध्ये इंजिन तापते आणि रेडिएटरला सगळी हवा हवी असते. उतरताना ब्रेक तापतात आणि चाकांना हवा लागते. महामार्गावर वाचवलेले पेट्रोल घाटात इंजिनच्या किंवा ब्रेकच्या जिवावर उठायला नको. म्हणून घाटाच्या पायथ्याशी पाच मिनिटांत, पान्याशिवाय निघेल तेच पुढे लावावे. निघण्याजोगे असणे हे केवळ रंग वाचवण्यासाठी नाही. आमच्यासारख्यांना ते सुरक्षिततेसाठी हवे.

लावायचे कसे? निवडणुकीनंतर रस्त्यावर पडून राहणारे सनपॅकचे फलक जाळीसाठी उत्तम: हलके, पाणी न पिणारे. जाळीच्या मूळच्या फटींतून केबल टाय ओवून ते बांधावेत. पोटाखालचा तक्ता कारखान्याने ठेवलेल्या बोल्टच्या जागीच बसवावा, आणि सायलेन्सरच्या नळीपासून प्लास्टिक चांगले लांब ठेवावे. चुंबकावर भिस्त ठेवू नये. बंपर प्लास्टिकचे असतात, आणि बॉनेटवर चुंबकाखाली अडकलेली माती रंग खरवडते. दुहेरी चिकटपट्टी वापरायची तर पृष्ठभाग धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, पट्टी दाबून बसवावी आणि तीन दिवस गाडी वेगाने पळवू नये, कारण चिकटण्याचे पुरे बळ यायला साधारण 72 तास लागतात. फूटभर रुंद, मीटरभर लांब फळी वाऱ्याला आडवी आली तर 100 च्या वेगाला तिच्यावर सतरा किलोचा जोर येतो. ती सुटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या छातीवर बसेल. म्हणून कोणत्याही तुकड्याला पट्टीशिवाय दुसरा एक बंध हवाच.

कायद्याचा कलही याच बाजूला आहे. पुढच्या बाजूच्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करा, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे ठरवले. तात्पुरता तुकडाही नंबरप्लेट किंवा दिवा झाकत असेल, किंवा धारदार कडेने बाहेर डोकावत असेल, तर 'तो निघतो हो साहेब' म्हणून सुटका नाही. शिवाय गाडी कर्जावरची असेल तर नोंदणी पुस्तकात बँकेचे नजरगहाण असते. फेडीपर्यंत ती गाडी निम्मी दुसऱ्याची. दुसऱ्याच्या वस्तूला भोक पाडताना आपण विचारतो.

काढण्याची रीत लावण्याआधी ठाऊक हवी. पट्टी ओढून काढायची नाही, रंग घेऊन येते. केस वाळवायच्या यंत्राने ती कोमट करावी आणि मासेमारीची बारीक तंगूस पट्टीमागून घालून करवतीसारखी हलकेच पुढे-मागे फिरवावी. उरलेला गोंद अंगठ्याने गोळा होतो. पावसाळा संपला की एकदा सगळे उतरवून खाली कुठे पाणी धरले आहे का ते पाहावे, आणि कॅरिअर तेव्हाही टपावर असेल तर पान्याची पेटी बाहेर आलेलीच आहे.