कुटुंबाचे आरोग्य : पापणी जड होते, ते ढोंग नव्हे

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ साली आला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. आपल्या शहरातील विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळविले, त्या कार्यावर तो बेतलेला आहे आणि त्याचे चित्रीकरणही नागपुरातच झाले. त्यात मुलांच्या मागे मैदानावर उभे राहणारे अमिताभ बच्चन यांना १९८४ च्या सुमारास, चाळिशी नुकतीच ओलांडली असताना, मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाच्या आजाराने गाठले होते. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. उपचारानंतर ते कामाला लागले आणि पुढे कित्येक वर्षे काम करीत राहिले.

नटाला आजार झाला की वर्तमानपत्रात छापून येते. तोच आजार चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला किंवा बांधकामावर घमेले उचलणाऱ्या माणसाला झाला तर काय होते? त्यांना कामचुकार म्हणतात. कारण या आजाराची चालच तशी आहे. सकाळी उठताना रोगी बहुधा बरा असतो. जसजसे काम होते, तसतशी शक्ती ओसरते, आणि थोडी विश्रांती घेतली की पुन्हा परत येते. सकाळी चार हंडे पाणी भरणारी सून संध्याकाळी कणीक मळताना हात खाली टाकते. मग सासू म्हणते, "सकाळी त बरी होती, आता काय झालं हिले?" पाहणाऱ्याला अंगावर सूज दिसत नाही, ताप लागत नाही, साध्या रक्त-लघवीच्या तपासणीतही काही निघत नाही. डॉक्टरसुद्धा कधी कधी 'मनाचा आजार आहे' म्हणून झोपेची गोळी लिहून देतात. ती या रोग्याला घातकही ठरू शकते, कारण तिने श्वास मंदावतो.

तेव्हा लक्षणे नीट ध्यानात घ्या. निम्म्याहून अधिक रोग्यांमध्ये सुरुवात डोळ्यांपासून होते. एक पापणी खाली येते, कधी दोन्ही. एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. पुढे चावताना जबडा थकतो, भाकरी अर्ध्यावर राहते. बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागतो. पाणी पिताना ठसका लागतो, कधी नाकातून परत येते. मान सावरत नाही, केस विंचरताना हात वर राहत नाहीत, जिना चढवत नाही. दुखत मात्र नाही, आणि चिमटा काढला तर तोही नीट कळतो. पक्षाघातात अंगाची एक बाजू एकाएकी जाते व तशीच राहते. इथे दुबळेपणा कमीजास्त होत राहतो. ही खूण फार महत्त्वाची आहे.

हे का होते? मेंदूचा हुकूम मज्जातंतूमधून स्नायूपर्यंत येतो. तंतू व स्नायू जिथे भेटतात तिथे एक बारीक फट असते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन त्या फटीत सुटते आणि स्नायूवरील ठरावीक जागी जाऊन बसते. मग स्नायू आकुंचन पावतो. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये असतात. या आजारात शरीराचा हा पहारेकरी घरच्याच माणसांवर काठी उगारतो. प्रतिद्रव्ये स्नायूवरील त्या जागा अडवतात आणि हळूहळू मोडतात. हुकूम येतो, पण घ्यायला जागा पुरत नाही. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस या ग्रंथीचा या बिघाडाशी अनेकदा संबंध असतो. साधारण दहा-पंधरा टक्के रोग्यांत तिथे गाठही सापडते. म्हणून डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन करायला सांगतात. डोळ्याची तक्रार आणि छातीचा फोटो कशाला, असे म्हणून तो टाळू नका.

गावाकडे ज्यांनी मण्यार चावलेला माणूस पाहिला आहे, त्यांना ही झुकलेली पापणी ओळखीची वाटेल. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते, फारसे दुखत नाही, आणि पहाटे त्याला डोळे उघडवत नाहीत. मज्जातंतू आणि स्नायूंमधला निरोप त्या विषाने तुटतो. तैवानकडे सापडणाऱ्या मण्यारीच्या एका जातीच्या विषातला एक घटक स्नायूवरील नेमक्या त्याच जागांना घट्ट चिकटतो. १९७३ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्याचा उपयोग करून या रोग्यांच्या स्नायूंवरील जागा मोजल्या, तेव्हा त्या निरोगी माणसापेक्षा फारच कमी भरल्या. साप चावल्यावर भगताकडे नेऊन दवाखाना अडविणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पापणी पडलेल्या बाईला 'करणी झाली' म्हणून गंडादोरा बांधत फिरवणारे लोक मात्र अजून भेटतात. त्यात महिने जातात, तोवर आजार डोळ्यांवरून घशात उतरतो.

या रोगावरचे पहिले खरे औषध कोणी शोधले, हे वाचकांना आवडेल. लंडनमध्ये ग्रिनिच येथे सेंट अल्फेज नावाचे गोरगरिबांसाठीचे रुग्णालय होते. तिथे मेरी वॉकर ही स्कॉटलंडची डॉक्टर साध्या पदावर काम करीत होती. या रोग्यांची अवस्था क्युरारी या बाणाच्या विषाने होणाऱ्या अवस्थेसारखी दिसते, हे तिच्या ध्यानात आले. मग त्या विषावरचा उतारा इथेही चालेल काय? १९३४ साली तिने फिजोस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले आणि थोड्या वेळात पडलेली पापणी उचलली गेली. बड्या रुग्णालयांतील तज्ज्ञांना हे लवकर पटले नाही. पण आज जगभर दिली जाणारी पायरिडोस्टिग्मिनची गोळी तिच्याच वाटेने आलेली आहे.

ही गोळी ॲसिटिलकोलीनला लवकर नष्ट होऊ देत नाही. अर्ध्या-पाऊण तासात ती लागू पडते आणि तीन-चार तासांनी उतरते. म्हणून जेवणाआधी अर्धा तास घेतली तर घास नीट चावता येतो. मात्र बरे वाटते म्हणून मनानेच दोनाच्या चार करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले, ते आपण विसरलो नाही. फवारणीतील काही विषे शरीरातील ज्या द्रव्याला कायमचे ठप्प करतात, त्यालाच ही गोळी काही तासांपुरती हलकेच आवरते. मात्रा वाढली की लाळ गळणे, जुलाब, पोटात मुरडा आणि उलट अधिक अशक्तपणा येतो.

गोळीने जोर येतो, रोगाचे मूळ जात नाही. प्रतिद्रव्ये आवरण्यासाठी प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रिन यांसारखी औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. प्रेडनिसोलोन एकदम बंद करणे धोक्याचे असते, आणि त्यावर असताना साखर व रक्तदाब तपासत राहावे. काही रोग्यांत थायमस ग्रंथी काढल्याने पुढची औषधे कमी होतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हे सिद्ध झाले. गाठ नसतानाही शस्त्रक्रिया का सुचविली, असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर हे आहे.

नागपूरचा उन्हाळा या रोग्यांचा वैरी आहे. उष्णतेने दुबळेपणा वाढतो, थंडाव्याने कमी होतो. डॉक्टर कधी पडलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून पाहतात. पापणी वर आली तर संशय बळावतो. तेव्हा मे महिन्यात अशा बाईला दुपारच्या उन्हात रेशनच्या रांगेत उभे करू नका. जड कामे सकाळी, दुपारी पडून राहणे, संध्याकाळी भाकरीऐवजी मऊ भात-वरण, एवढी सोय घरातल्या माणसांनी ठरवली तरी पुष्कळ होते. पुरुषांनी पाणी भरले तर काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट. या रोग्याला गल्लीतल्या दवाखान्यात काहीही टोचून घेऊ देऊ नका. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, हिवतापावरील क्लोरोक्विन व क्विनाइन, मॅग्नेशियमचे इंजेक्शन, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनी दुबळेपणा एकाएकी वाढू शकतो. बाळंतपणात झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम देतात, म्हणून गरोदर बाईने आपला आजार आधीच सांगितलाच पाहिजे. तिला मूल होऊ शकते. क्वचित नवजात बाळ काही आठवडे अशक्त राहते व मग सावरते. हा आजार स्पर्शाने लागत नाही, आणि सहसा आईबापांकडून मुलांकडे जात नाही. या कारणावरून मुलीचे लग्न मोडणे किंवा सुनेला माहेरी धाडणे याला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही.

दाखवायचे कुठे? मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मज्जातंतूंचा विभाग आहे. तिथे जाताना एक करा : सकाळी व संध्याकाळी रोग्याच्या चेहऱ्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ओपीडी सकाळची असते आणि तेव्हा पापणी बरी दिसते, म्हणून रोगी तसाच परत पाठविला जातो. रक्तातील प्रतिद्रव्यांची तपासणी सांगितली तर किंमत आणि सवलत दोन्ही आधी विचारा. भरती व्हावे लागले तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड व आधार सोबत असू द्या.

श्वास लागणे, आडवे पडल्यावर दम कोंडणे, थुंकी गिळता न येणे, एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणता न येणे, यातले काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच १०८ ला फोन करा, आणि सर्व औषधांची चिठ्ठी रोग्याच्या खिशात घाला.