भिंत तिची, दूध तिचं, निर्णय कुणाचा?

मलेरिया म्हटलं की आपल्यासमोर डबकी, डास आणि फवारणीचा पंप घेऊन येणारा सरकारी माणूस उभा राहतो. हा स्त्रीचळवळीचा विषय आहे असं आपल्याला सहसा वाटत नाही. आरोग्याच्या शिबिरात आपण गर्भनिरोधकांवर बोलतो, रक्तक्षयावर बोलतो, बाळंतपणावर बोलतो. हिवताप मात्र डॉक्टरांवर आणि जिल्हा परिषदेवर सोडून देतो. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात, म्हणजे दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, मलावी, झिंबाब्वे या देशांत, गेल्या तीस वर्षांत मलेरियाबाबत जे घडलं ते वाचताना मला जाणवलं की हा विषय आपण असा सोडून देणं बरोबर नाही. कारण तिथे प्रत्येक टप्प्यावर बाईच्या घराचा, शरीराचा आणि श्रमाचा वापर झाला आहे. निर्णय घेताना मात्र तिला क्वचितच विचारलं गेलं.

आधी भिंतीची गोष्ट. डासाची मादी रक्त पिऊन जड झाली की भिंतीवर टेकते. म्हणून भिंतीवर आतल्या बाजूने औषध मारायचं, अशी ही पद्धत आहे. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी अनेक दशकं डीडीटी वापरलं गेलं. १९९६ साली ते बंद करून पायरेथ्रॉइड गटातलं औषध आणलं. डीडीटी पर्यावरणात टिकून राहतं, ते चोरून शेतीकडे वळवलं जातं, भिंतीवर पांढरे डाग पडतात म्हणून लोक नाराज होतात, ही त्यामागची काही कारणं. आणखी एक कारण असं, की क्वाझुलू-नाताल प्रांतात फवारणी झालेल्या घरांतल्या बायांच्या अंगावरच्या दुधात डीडीटी सापडलं होतं.

पुढे काय झालं? अ‍ॅनोफिलिस फ्युनेस्टस नावाचा डास, जो त्या भागातून हद्दपार झाला असं मानलं जात होतं, तो परत आला. १९९९ साली तो क्वाझुलू-नातालच्या उत्तर टोकाला फवारलेल्या घरांतच सापडला. नव्या औषधाला तो दाद देत नव्हता. त्याच वेळी मलेरियावरची नेहमीची गोळीही निकामी होत चालली होती. २००० साली दक्षिण आफ्रिकेत मलेरियाच्या ६४ हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. चारशेहून जास्त माणसं दगावली. त्याच वर्षी डीडीटी परत आणलं गेलं. २००१ साली आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन हे नवं जोडऔषध आलं. शेजारच्या मोझांबिक आणि स्वाझीलँड (आताचं एस्वातिनी) या देशांबरोबर १९९९ मध्ये झालेल्या लुबोंबो करारानुसार सीमेपलीकडेही फवारणी सुरू झाली. रुग्णसंख्या झपाट्याने खाली आली.

म्हणून मी 'डीडीटीवर ताबडतोब बंदी घाला' एवढी सोपी घोषणा देणार नाही. दूर शहरात बसून दिलेल्या घोषणेची किंमत हिवतापाच्या गावातल्या बाईने आणि तिच्या लेकराने का मोजावी? पण 'डीडीटीने जीव वाचतात, तेव्हा प्रश्न विचारू नका' हेही मला मान्य नाही. या दोन्ही बाजूंच्या वादात ती बाई कुठेच नाही.

दक्षिण आफ्रिकेत डीडीटी कुठल्या घरांत मारलं जातं ते पाहा. मातीच्या, सारवलेल्या, पारंपरिक घरांत. सिमेंटच्या, रंग दिलेल्या घरांत दुसरं औषध मारतात, कारण तिथे डीडीटीचे डाग दिसतात. म्हणजे ज्यांची ऐपत पक्क्या घराची, त्यांच्या भिंतीवर एक औषध आणि ज्यांची ऐपत मातीची, त्यांच्या भिंतीवर दुसरं. सरकारी कागदात हा तांत्रिक निर्णय असेल. आपण त्याला वर्गाचा प्रश्न म्हणतो.

आणि ही मातीची भिंत लिंपते कोण? बाईच. डाग दिसतात, वास येतो, घर वाईट दिसतं, म्हणून ती फवारणीनंतर भिंत पुन्हा लिंपते आणि औषध मातीखाली जातं. मलेरिया खात्याच्या अहवालांत याला 'लोकांचं असहकार्य' म्हणतात. आपल्याकडेही हेच होतं. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यांत फवारणी झाली की घर सारवून घेतात आणि मग कर्मचारी कुरकुरतात की बायकांना काही कळत नाही. पण भिंत तिची आहे, ती नीट ठेवणं तिच्याच वाट्याला आलेलं काम आहे. फवारणी कधी करायची, सारवण आधी उरकायचं की नंतर, हे तिच्याशी बोलून ठरवायला कुणाला सुचलं नाही. तिला विचारलं नाही, तेव्हा ती सांगितलेलं ऐकत नाही ही तक्रारही करू नये.

आता दुधाची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात, थोहोयांडू या गावाच्या परिसरात, २०१२-१३ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. सातशे बावन्न बाळंतिणी आणि त्यांची मुलं त्यात नोंदवली गेली. फवारणीतली रसायनं आईच्या रक्तात किती आणि मुलांच्या वाढीवर त्यांचा काय परिणाम, हे पाहण्यासाठी. असा अभ्यास व्हायलाच हवा. पण डीडीटीची फवारणी तिथे कित्येक दशकं चालू होती, हेही लक्षात घ्या. बायांच्या शरीरात ते जात राहिलं आणि त्यांच्या मुलांचं काय होतं हा प्रश्न इतक्या उशिरा, इतक्या बारकाईने विचारला गेला.

यावर कुणी म्हणेल, मग अंगावर पाजू नका. हे तर त्याहून वाईट. दुधाच्या डब्यांच्या कंपन्यांविरुद्ध जगभरच्या बाया लढल्या, तेव्हा कुठे १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता आली. जिथे स्वच्छ पाणी नाही तिथे बाटलीचं दूध म्हणजे जुलाब आणि मरण. आईने पाजत राहावं हेच योग्य आहे. पण तुझ्या दुधात काय आहे हे तिला सांगायचं नाही, तिच्या रक्ताच्या तपासणीचा निष्कर्ष परदेशी मासिकात छापायचा आणि तिच्यापर्यंत पोचवायचा नाही, असं कुठेही होता कामा नये.

या डीडीटीशी आपला थेट संबंध आहे. १९५४ साली आपल्या सरकारने हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी डीडीटी बनवण्यासाठीच काढली. तिचा एक कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात, रसायनीला. २०२० साली या कंपनीने दक्षिण आफ्रिकेला वीस टनांहून थोडं जास्त डीडीटी पाठवलं आणि सरकारने ती अभिमानाची बातमी म्हणून दिली. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कंपनीचा माल ज्या बायांच्या घरात मारला जातो, त्यांना त्याबरोबर काय माहिती दिली जाते हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

तिसरी गोष्ट गर्भारपणाची. मलेरियाचे जंतू गर्भवतीच्या वारेत साठतात. तिच्या अंगातलं रक्त कमी होतं, मूल कमी वजनाचं जन्मतं. पहिलटकरणीला धोका सर्वांत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली आफ्रिकेतल्या मलेरियाग्रस्त देशांत दर तीन गर्भवतींमागे एकीहून जास्त जणींना मलेरियाची लागण झाली. यावर प्रतिबंधक गोळ्या आहेत. मलावीने १९९३ सालीच त्या सर्व गर्भवतींना देण्याचं धोरण आणलं. तरीही २०२२ मध्ये हे धोरण असलेल्या आफ्रिकी देशांत किमान तीन डोस मिळालेल्या गर्भवती शंभरात बेचाळीसच होत्या. बाकीच्या बाया काही अडाणी म्हणून राहिल्या नाहीत. दवाखाना लांब, गोळ्या संपलेल्या, शेतातलं काम सोडून जायची सोय नाही. यात दक्षिण आफ्रिकेच्या पट्ट्यात एचआयव्हीचं प्रमाण मोठं. ज्या एचआयव्हीबाधित गर्भवती कोट्रायमोक्साझोल घेतात त्यांना या गोळ्या चालत नाहीत. म्हणजे जिला धोका जास्त, तिच्यासाठीच पर्याय कमी.

असं का होतं? कारण औषधांच्या चाचण्यांतून गर्भवतींना वगळलं जातं. 'त्यांच्या सुरक्षेसाठी' असं कारण दिलं जातं. मग औषध बाजारात येतं आणि गर्भवतीला द्यायचं की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन सर्वांना मिळू लागल्यावर वीस वर्षांनी, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, पहिल्या तीन महिन्यांत ते द्यायला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आली. तोवर त्या बायांच्या वाट्याला क्विनिन होतं, कडू आणि कान बधिर करणारं.

शेवटी लशीबद्दल. आरटीएस,एस ही मलेरियाची पहिली लस. २००९ ते २०१४ या काळात सात आफ्रिकी देशांत, मलावी आणि मोझांबिक धरून, पंधरा हजारांवर बालकांवर तिची चाचणी झाली. मलेरिया कमी झाला. पण आकडे मुलगा-मुलगी असे वेगळे केल्यावर दिसलं, की लस दिलेल्या मुलींमधले मृत्यू लस न दिलेल्या मुलींपेक्षा जवळपास दुप्पट होते. हा योगायोग की लशीचा परिणाम, हे त्या चाचणीवरून सांगता येत नव्हतं. म्हणून २०१९ पासून मलावी, घाना आणि केनिया या देशांत मोठ्या प्रमाणावर लस देऊन पाहायचं ठरलं. पण तिथे आयांकडून वेगळी लेखी संमती घेतली नाही. मूल लसीकरणाला आणलं म्हणजे संमती आहेच, असं धरलं. फेब्रुवारी २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये यावर जाहीर टीका झाली.

पुढचे निष्कर्ष दिलासा देणारे निघाले. मुलींच्या मृत्यूंत वाढ दिसली नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लशीची शिफारस झाली आणि लस पोचलेल्या भागांत बालमृत्यू तेरा टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. ही आनंदाची गोष्ट आहे, ती आनंदाने सांगू. लस आपल्याला हवीच आहे. पण निकाल चांगला लागला म्हणून न विचारण्याचं समर्थन होत नाही. मुलीबाबत शंका आहे हे आईला ठाऊक असतं, तर कदाचित तिने तरीही लस दिली असती. पण तो निर्णय तिचा झाला असता.

आपल्याला हे नवं नाही. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला बायांना नीट न सांगता इंजेक्शनचं गर्भनिरोधक द्यायला घेतलं, तेव्हा स्त्री संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१० साली खम्मम आणि वडोदरा इथली एचपीव्ही लशीची चाचणी थांबवावी लागली. तिथे वसतिगृहाच्या अधीक्षकांनी मुलींच्या वतीने सह्या केल्या होत्या. आपण तेव्हा विज्ञानाच्या विरोधात नव्हतो, आजही नाही. गरीब बाईला न विचारता तिच्यावर विज्ञान चालवण्याच्या विरोधात आहोत.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि अनेक आफ्रिकी देशांतल्या मलेरियाच्या कामाला धक्का बसला. पैसा आटतो तेव्हा 'आधी जीव वाचवू, संमतीचं नंतर बघू' हे पालुपद जोरात सुरू होतं. म्हणूनच आताच बोलायला हवं. फवारणीआधी घरातल्या बाईला तिच्या भाषेत माहिती मिळावी. रक्ताच्या, दुधाच्या तपासणीचा निष्कर्ष आधी तिच्या हातात यावा. प्रत्येक चाचणीत मुलींचे आणि मुलग्यांचे आकडे सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत. गर्भवतींना काळजीपूर्वक, त्यांच्या संमतीने चाचण्यांत सामील करावं. आणि जाळीच्या खिडक्यांचं, पक्क्या भिंतीचं घर हा मलेरियावरचा उपाय मानावा, चैन नव्हे.

मैत्रिणींनो, पुढच्या आरोग्य शिबिरात हिवतापाचा विषय घ्या. तुमच्या गावात शेवटची फवारणी कधी झाली, कुठलं औषध मारलं, कुणाला विचारून मारलं, एवढे तीन प्रश्न बायांना विचारा आणि मिळालेली उत्तरं आम्हाला लिहून कळवा. मग तीच उत्तरं घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊ.