सायकल उलटी करून पाहणाऱ्या सरांना

गेल्या आठवड्यात लेहला आमच्या मेसमध्ये एक निवृत्त कर्नल आले होते. माझ्याहून वीसेक कोर्स सीनियर. व्हरांड्यात माझी माउंटन बाइक उभी होती. साहेबांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला, सायकल उलटी केली आणि चष्मा कपाळावर चढवून खालचं स्टिकर वाचायला लागले. "कुठे बनली ते आधी पाहायचं. यांचा माल घ्यायचा आणि यांच्याच गोळ्यांना पैसे पुरवायचे!" 'यांचा' म्हणजे कोणाचा, हे लेहमध्ये सांगावं लागत नाही.

मेसमध्ये सीनियरशी वाद घालायचा नसतो, म्हणून तिथे 'येस सर' म्हणालो. वाद इथे घालतो.

सर, राग माझाही आहे. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जण गेले. ती बातमी आम्हाला काही टीव्हीवरून कळली नव्हती. पण त्या रागाने दुकानात जाऊन स्टिकर वाचलं की काम झालं, हे मला पटत नाही. स्टिकर फारच थोडं सांगतं.

माझ्याच सायकलचं घ्या. फ्रेम तैवानची. जायंट आणि मेरिडा या तिथल्या दोन्ही मोठ्या कंपन्या १९७२ सालच्या. युरोप-अमेरिकेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी सायकलींच्या फ्रेम तैवानात किंवा थेट चीनमध्येच वेल्ड होतात. गिअर शिमानोचे. कंपनी जपानची, १९२१ पासूनची, पण माझ्या मागच्या डिरेलरवर मलेशिया असं कोरलेलं आहे. आणि तिरंगा लावून लुधियानाच्या पत्त्यावरून येणाऱ्या सायकलीचे गिअर, ब्रेक, पुढचा फोर्क बघितलात तर त्यातले बरेचसे बाहेरूनच आलेले असतात. मग ती कोणाची म्हणायची? आपल्या डोक्यावरच्या खार्दुंग ला खिंडीची पाटी कित्येक वर्षं १८,३८० फूट सांगत होती. जीपीएसने मोजलं तर ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरासं वर. पाटीखाली फोटो सगळ्यांनी काढले, मीसुद्धा काढला.

आता आमच्या हवालदाराची गोष्ट. साताऱ्याकडचा गडी, युनिटच्या सायकलिंग टीममधला. सुट्टीवर निघाला तेव्हा कोणती सायकल घेऊ म्हणून विचारायला माझ्याकडे आला. मी छाती फुगवून सांगितलं, आपल्या देशातली घे. पुण्यातून त्याने साडेतेवीस हजारांना घेतली. फ्रेमवर पाच वर्षांची वॉरंटी. अकराव्या दिवशी साउथ पुल्लूहून उतरताना मागचा डिरेलर चाकाच्या आऱ्यांत गेला आणि त्याचा हँगर तुटला. हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तोच आधी तुटावा अशीच त्याची रचना असते. गोम एवढीच की प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. दुसऱ्याचा बसत नाही. आमच्या एमटीच्या वेल्डरनेही हात जोडले.

दुकानदार म्हणाला, हँगर वॉरंटीत येत नाही, तो वापरात तुटला. बरं, विकत दे. स्टॉकमध्ये नाही. कंपनीच्या फोनवरची मुलगी फार गोड बोलली. सायकल आणि मूळ बिल घेऊन जवळच्या अधिकृत केंद्रात या, म्हणाली. जवळचं केंद्र जम्मूत. झोजी ला ओलांडून, श्रीनगरवरून, बोटाएवढ्या तुकड्यासाठी. ही ऑगस्टमधली गोष्ट. पुढे इथला मोसम राहतो किती? त्याची स्पर्धा हुकली. मला तो अजून 'साहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून' असं एकदाही म्हणालेला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणून माझा मुद्दा असा की देश विचारण्याआधी हँगर विचारा. दुकानात उभं राहून म्हणा, या फ्रेमचे दोन हँगर आत्ता सायकलबरोबर द्या. देता आले नाहीत तर सायकल स्वदेशी असो नाहीतर जर्मन, बाहेर पडा. वॉरंटीचं कार्ड मागून तिथेच वाचा. 'आजीवन' शब्दाला भुलू नका. ती बहुतेक वेळा फक्त फ्रेमवर असते, फक्त पहिल्या मालकाला असते आणि फक्त कारखान्यातल्या दोषाला असते. चेन, टायर, ब्रेकपॅड, केबल त्यात नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाने तर आणखी एक प्रश्न विचारावा: पुण्याचं बिल तेजपूरला चालेल का? आणि नेण्याआणण्याचा खर्च कोणाचा?

किमतीबद्दल थोडक्यात. वीस हजारांच्या आत पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली सायकल दिसली तर तिच्याकडे पाठ फिरवा. वजनाला धोंडा, आणि चढावर निम्मी मेहनत स्प्रिंगच खाते. त्याच पैशात साधा फोर्क आणि केबलचे डिस्क ब्रेक असलेली घ्या. केबल कुठेही मिळते. ट्यूबचा व्हॉल्व्ह गाडीच्या टायरसारखा असेल तर एमटीच्या कंप्रेसरवर हवा भरता येते. या असल्या गोष्टी स्टिकरवर नसतात.

इतिहास तुम्हीच आम्हाला शिकवलात, सर. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी पायदळ मलायात सायकलींवरून उतरलं आणि फेब्रुवारीत सिंगापूर पडलं. टायर फुटले तर नुसत्या रिमवर चालवत गेले. ते जमलं त्याचं एक कारण असं की युद्धाआधी मलायाच्या बाजारात जपानी सायकली भरपूर विकल्या गेल्या होत्या. सुटे भाग गावोगाव मिळत होते. आणि १९५४ मध्ये दिएन बिएन फूला व्हिएतनामींनी फ्रेंचांविरुद्ध रसद नेली ती कशावर? एकेका सायकलवर दोनशे किलो लादून, ढकलत. त्यातल्या कितीतरी प्युजो होत्या, म्हणजे फ्रेंचच. बनावटीचा देश बघून त्यांनी त्या दरीत ढकलल्या नाहीत.

एनडीएत सहा टर्म आपण सगळ्यांनी काळी सायकल हाणली, शिक्षा म्हणून डोक्यावरही घेतली. ती कुठल्या कंपनीची होती हे आज कोणाला आठवतं? पण तिचा आरा, पेडल, चेन खडकवासल्याच्या कोणत्याही पंक्चरवाल्याकडे मिळायची, आणि एका कंपनीचा भाग दुसरीला बसायचा. अशी माउंटन बाइक लुधियानात ज्या दिवशी बनेल त्या दिवशी मी पहिला रांगेत उभा राहीन आणि दोन हजार जास्त मोजीन. पण तिरंग्याचं स्टिकर लावून जवानाच्या तीन आठवड्यांच्या पगाराची सायकल अकरा दिवसांत निकामी करणाऱ्याला मी देशभक्तीच्या नावावर माफ करणार नाही. फॉरेनचं ते सगळं चांगलं म्हणणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. माझ्या तैवानी फ्रेमचा हँगरसुद्धा मला दिल्लीत तीन दुकानं फिरून मिळाला.

हवालदाराची सायकल अजून स्टोअरमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. सर, तुमचा मुक्काम आता जम्मूला आहे म्हणालात. केंद्राचा पत्ता आणि बिलाची प्रत आज तुम्हाला पाठवली आहे.