बी.एस्सी. गणित, आणि पुढे?

ग्वाल्हेरच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. मुलगी नुकतीच बारावी झाली. गणितात गुण उत्तम. एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात तिला जागा मिळते आहे, परंतु तेथील शुल्क कर्ज काढल्यावाचून भागणारे नाही आणि यजमानांच्या निवृत्तीला तीनच वर्षे उरली आहेत. मुलीचे म्हणणे, मला गावातच राहून गणित घेऊन बी.एस्सी. करायचे आहे. त्यावर थोरल्या जाऊबाईंनी विचारले, “म्हणजे शेवटी मास्तरीणच ना?” ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, असे भगिनी विचारतात.

जाऊबाईंच्या प्रश्नाकडे नंतर वळू. त्याआधीचा प्रश्न असा, की मुलीला आवडते ते गणित आणि महाविद्यालयात शिकवले जाते ते गणित, ही दोन्ही एकच आहेत काय? आपल्या घरांतून गणिताचा अभिमान पुष्कळ. आजोबांना पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ असते आणि नातवाने भाजीवाल्याचा हिशेब चुटकीसरशी केला की ‘ह्याचे गणित चांगले’ असा शिक्का बसतो. बारावीपर्यंतच्या परीक्षेतही बरेचसे यश सरावाचे असते. पद्धत ठाऊक असली, हात बसला, की गुण मिळतात. पदवीच्या वर्गात मात्र उत्तर काढण्याला दुय्यम स्थान असते. ते उत्तर खरे कशावरून, हे तेथे सिद्ध करावे लागते.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा सांगतो. मुलीला सांगावे की विषम संख्या क्रमाने मिळवीत जा: १ आणि ३ मिळून ४, त्यांत ५ मिळवले की ९, ७ मिळवले की १६. दर वेळी वर्गसंख्याच येते. हे पाहून एखादे मूल आणखी दहा संख्या मिळवून पाहील आणि “हो, येते खरे” म्हणून उठेल. दुसरे विचारील, “पण असे का व्हावे? आणि कायमच होईल कशावरून?” मग त्याच्यापुढे पाटावर सुपाऱ्या मांडाव्यात. एक सुपारी, तिच्या दोन बाजूंना आणि कोपऱ्यात मिळून तीन, की दोन-दोनांचा चौरस झाला. त्याच दोन बाजूंनी आणखी पाच लावल्या, की तीन-तीनांचा. चौरस एका घराने वाढवायचा तर दर वेळी आधीपेक्षा दोन सुपाऱ्या अधिक लागतात. म्हणून बेरीज नेहमी वर्गसंख्याच यावयाची. हे पाहून ज्या मुलाचा चेहरा उजळतो, त्याने गणिताच्या वाटेला अवश्य जावे. ज्याला “हे परीक्षेत येते का?” असा प्रश्न पडतो, त्याने अभियांत्रिकी, वाणिज्य किंवा दुसरे काहीही घ्यावे, त्यात कमीपणा मुळीच नाही.

पहिल्या वर्षाचे कलन आणि बीजगणित ओळखीचे वाटते. खरी कसोटी वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित आणि गटसिद्धान्त हे विषय सुरू झाल्यावर लागते. शाळेत नव्वदाच्या खाली न आलेली मुले येथे पन्नासांवर येतात व खचतात. आईवडिलांनी हे आधीच जाणून असावे. तो मुलाचा आळस नसतो, विचार करण्याची एक नवी रीत अंगवळणी पडत असते.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांना आणखी एक अडचण असते, तिचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही. आजोबा ‘अपूर्णांक’ म्हणतात, नात शाळेत ‘भिन्न’ शिकते. मराठीतील ‘मूळ संख्या’ हिंदीत ‘अभाज्य’ होते, ‘विकलन’ ‘अवकलन’ होते. आणि वरच्या वर्गांतले चांगले ग्रंथ पाहावेत तर इंग्रजीत. सुदैवाने गणिताची इंग्रजी मोजक्या शब्दांची असते. रोज दोन पाने वाचून त्यांतील सिद्धता स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवण्याचा परिपाठ ठेवला, तर वर्षभरात ती भीती जाते.

आता जाऊबाईंचा प्रश्न. शिक्षकी पेशाला ‘शेवटी’ हा शब्द का लागावा, हे मला कळलेले नाही. मन लावून गणित शिकवणारा शिक्षक मिळणे किती कठीण, हे शिकवणीवर्गांच्या दारांत ताटकळणाऱ्या पालकांनाच विचारावे. शाळेसाठी बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा, उच्च माध्यमिक वर्गांसाठी सामान्यतः एम.एस्सी.ही, महाविद्यालयासाठी एम.एस्सी.नंतर नेट, अशी ही वाट आखलेली आहे. परंतु ती एकच वाट आहे असे नव्हे.

सागरच्या एका मराठी मुलाची गोष्ट येथे सांगावीशी वाटते. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली मध्य प्रदेशातील सागर येथे झाला. नागपुरात पदवी घेऊन ते कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत गेले व पुढे अमेरिकेत राजचंद्र बोस यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. ऑयलर ह्या थोर गणितज्ञाने १७८२ मध्ये एक कोडे घातले होते. सहा पलटणींतून प्रत्येकी सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे अधिकारी घेतले, तर त्या छत्तिसांना चौरसात असे उभे करता येईल काय, की कोणत्याही आडव्या वा उभ्या ओळीत पलटण आणि हुद्दा दोन्ही पुन्हा येणार नाहीत? ते जमत नाही, आणि दहा, चौदा, अठरा अशा संख्यांनाही जमणार नाही, असा ऑयलरचा तर्क होता. सहाबाबत तो खरा ठरला. उरलेल्यांबाबत मात्र १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी तो खोटा ठरवला. पावणेदोनशेहून अधिक वर्षे उभा राहिलेला तर्क कोसळल्याची ती वार्ता ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख झाले आणि २०२० साली, वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी निवर्तले.

हे सारे कोड्यांचे खेळ वाटतील. पण अशाच चौरसांवरून शेतीच्या प्रयोगात कोणत्या वाफ्यात कोणते बियाणे व कोणते खत घालावे, हे ठरवले जाते. येथेच गणिताचे बोट संख्याशास्त्राच्या हाती येते आणि पोटापाण्याच्या दृष्टीने सर्वांत रुंद दार उघडते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली गणित घेऊन पदवी घेतली, लंडनला संख्याशास्त्राचा अभ्यास केला, आणि पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे संचालक म्हणून जगाच्या भुकेचे मोजमाप केले. आज संघ लोकसेवा आयोग भारतीय सांख्यिकी सेवेसाठी स्वतंत्र परीक्षा घेतो. विमा कंपन्यांना विमागणितज्ञ लागतात; त्यासाठीच्या परीक्षा कठीण असून नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे द्याव्या लागतात, पण त्या उत्तीर्ण होणाऱ्याला कामाची वाण पडत नाही. संगणकाच्या क्षेत्रात एम.सी.ए.ची वाट आहेच. आणि ज्या यंत्रबुद्धीचा एवढा गाजावाजा चालला आहे, तिच्या मुळाशी रेषीय बीजगणित, कलन आणि संभाव्यता हीच पदवीच्या वर्गातील सामग्री आहे.

गुणवान मुलांसाठी काही संस्था फार वरच्या दर्जाच्या आहेत. भारतीय संख्याशास्त्र संस्थेत कोलकात्यास बी.स्टॅट. व बंगळूरला बी.मॅथ. हे अभ्यासक्रम चालतात. तेथे शिकवणी-शुल्क नाही, उलट विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते. चेन्नईची गणितीय संस्था तशीच नावाजलेली. भोपाळ व पुण्याच्या आयसर संस्थांत पाच वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे. तेथील प्रवेशपरीक्षा हुकल्या तरी दारे बंद होत नाहीत. गावच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करून ‘जॅम’ परीक्षेने आय.आय.टी.त एम.एस्सी.ला जाता येते, आणि १९९३ साली सुरू झालेल्या एम.टी.टी.एस. ह्या उन्हाळी प्रशिक्षणवर्गाने आडगावच्या कितीतरी मुलांना खरे गणित दाखवले आहे.

मुलीची जात, पुढे संसार, अशीही एक शंका पत्रात ओझरती आली आहे. मंगला नारळीकर यांनी तीन मुली आणि घर सांभाळून १९८१ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली, एवढे सांगून तो विषय सोडतो.

तेव्हा भगिनींनो, सुपाऱ्यांच्या कसोटीला मुलगी उतरत असेल तर माझे मत स्पष्ट आहे: कर्ज काढू नये, तिला गणित घेऊ द्यावे. मात्र नुसत्या पदवीच्या कागदावर लगेच चांगली नोकरी मिळेल अशा भ्रमात कोणी राहू नये. तिसऱ्या वा चौथ्या वर्षानंतर आणखी दोन वर्षांचे शिक्षण घरच्या हिशेबात आजच धरावे. जे पैसे अभियांत्रिकीत जाणार होते, त्यांतले थोडे तेव्हा कामी येतील. दरम्यान एक संगणकभाषा नीट शिकावी. ग्वाल्हेरकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे, ऑनर्सचे वर्ष घेता येते; बेळगावच्या वाचकांनी मात्र ध्यानात ठेवावे की कर्नाटकाने २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली आहे.

आणि एक गोष्ट फार तातडीची. सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला बसण्यासाठी पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो, नाहीतर त्याच विषयात एम.एस्सी. करावी लागते. पुष्कळ महाविद्यालयांत गणिताबरोबर पदार्थविज्ञान आणि रसायन हाच गट सवयीने माथी मारला जातो. म्हणून प्रवेशअर्जावर सही करण्याआधी मुलीला घेऊन महाविद्यालयाच्या कार्यालयात स्वतः जावे, संख्याशास्त्राचा गट आहे की नाही ते विचारावे, आणि नसल्यास गावातील दुसऱ्या महाविद्यालयात तो कोठे मिळतो याची चौकशी ह्याच आठवड्यात करावी.