सवलत नेहमी शेजाऱ्यालाच मिळते

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांनी शैक्षणिक कर्जमाफी जाहीर केली. वर्षाला सव्वा लाख डॉलरहून कमी कमावणाऱ्या कर्जदाराचे १० हजार डॉलरपर्यंतचे कर्ज माफ होणार होते आणि गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांसाठीचे ‘पेल’ अनुदान ज्यांना मिळाले होते त्यांचे २० हजारांपर्यंत. रक्कम मोठी होती, पण तिच्यावर उसळलेला राग अधिक लक्षात राहण्यासारखा होता. जादा पाळ्या करून कर्ज फेडून मोकळे झालेले लोक, मुलांच्या फीसाठी वर्षानुवर्षे पैसे बाजूला टाकणारे पालक आणि कॉलेजची पायरीही न चढलेले इलेक्ट्रिशियन व ट्रकचालक असे सगळे त्यात होते. होऊ घातलेल्या वकिलाचे कर्ज प्लंबरने आपल्या करातून का फेडायचे, हा त्यांचा सवाल होता. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ती योजना रद्द केली. राग मात्र रद्द झाला नाही, आणि तो मध्यमवर्गाचा मध्यमवर्गावरच होता.

या रागाला असूया म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण ती केवळ दुसऱ्याच्या पैशाची असूया असती, तर त्याआधीच्या दोन वर्षांत तिला भरपूर खाद्य मिळाले होते. कोविडकाळात ‘पेचेक प्रोटेक्शन प्रोग्राम’खाली व्यावसायिकांना सुमारे ८०० अब्ज डॉलरची कर्जे दिली गेली आणि त्यातली ९० टक्क्यांहून अधिक माफ झाली. शैक्षणिक कर्जमाफीचा अंदाजित खर्च याच्या निम्मा, म्हणजे ४०० अब्ज होता. कामगारांना पगारावर ठेवले तर माफी, अशी त्या कर्जांची रचना मुळातच होती, हे मान्य. पण त्यातला बराचसा पैसा नोकऱ्या वाचवण्याऐवजी मालक आणि भागधारकांकडे गेला, असे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर दाखवून दिले. तरीही प्लंबरने रेस्टॉरंटमालकाचे कर्ज का फेडायचे, असे फारसे कोणी विचारले नाही.

याचे उत्तर कॉर्नेल विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ सुझान मेट्लर यांच्या कामात सापडते. २००८ च्या एका पाहणीत लोकांना विचारले गेले, तुम्ही सरकारच्या एखाद्या योजनेचा लाभ कधी घेतला आहे का? गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी ‘नाही’ असे सांगितले. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचे, पैसे घेणाऱ्यांतलेही ४४ टक्के ‘नाही’च म्हणाले. हे लोक खोटे बोलत नव्हते. अमेरिकी सरकार आपल्या मध्यमवर्गाला भरपूर देते, पण त्यातले पुष्कळसे करविवरणाच्या एखाद्या रकान्यातून देते, आणि त्या रकान्याला कोणी मदत म्हणत नाही. दुसऱ्याला मिळणारी माफी मात्र व्यासपीठावरून आकड्यानिशी जाहीर होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही प्रवृत्ती माणसात असतेच. अमेरिकेने ती करव्यवस्थेतच बसवून टाकली आहे. माझ्या मते तिथल्या वर्गरोषाचे मूळ या लपलेल्या हिशेबात आहे.

करिअर निवडताना हाच हिशेब प्रत्येकाच्या मानेवर बसतो. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर निर्बंध आले तेव्हा कंपन्यांनी कामगार टिकवण्यासाठी आरोग्यविमा द्यायला सुरुवात केली. पुढे त्यावरची करमाफी कायद्यात पक्की झाली. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५ हजार डॉलरच्या वर गेला. त्यातले सहा हजारांच्या आसपास कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात आणि तेवढेच त्याला दिसतात. उरलेले कंपनीने भरलेले आणि सरकारने करमुक्त केलेले पैसे तो हिशेबात धरत नाही. नोकरी सोडून स्वतःचे गॅरेज काढणाऱ्या शेजाऱ्याला मात्र सगळा हप्ता स्वतः पाहावा लागतो. दोघेही मेहनत करतात आणि दोघांनाही वाटते की समोरचा फुकट खातो. सरकारी शाळेतल्या शिक्षकाची अवस्था तर आणखी विचित्र आहे. कमी पगाराची सार्वजनिक सेवा दहा वर्षे करा, हप्ते भरा, उरलेले कर्ज माफ होईल, असे वचन २००७ च्या कायद्याने दिले. २०१७ मध्ये पहिली माणसे पात्र ठरली, तेव्हा सुरुवातीचे जवळपास ९९ टक्के अर्ज फेटाळले गेले. सरकारने ते वचन नीट पाळायला पुढे काही वर्षे घेतली. तोवर शेजाऱ्याच्या लेखी ती ‘आणखी एक माफी’ झाली होती.

हिशेब पूर्वीही असेच होते, मग ते आताच का तपासले जातात? अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी यांच्या संशोधनानुसार १९४० मध्ये जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के पुढे आईवडिलांपेक्षा अधिक कमावू लागले. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्यावर आले. सगळेच वर चढत होते तेव्हा शेजाऱ्याची वही उघडून पाहायला कोणाला फुरसत नव्हती.

कर्ज तर स्वखुशीने घेतले होते, मग तक्रार कसली, हा आक्षेप वजनदार आहे आणि अर्धा खराही. पण आज पंचविशीपुढच्या अमेरिकनांपैकी चाळीसेक टक्क्यांकडेच पदवी आहे, आणि पूर्वी पदवीशिवाय होणाऱ्या असंख्य नोकऱ्यांच्या जाहिरातीत ती मागितली जाते. अठराव्या वर्षी केलेल्या अशा निवडीला कितपत स्वखुशी म्हणायचे? बायडेन यांच्या योजनेचा खरा दोष निराळा होता. जुने कर्ज पुसताना पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्याच्या फीबद्दल तिच्यात काही ठोस नव्हते. रागावलेल्यांना ते बरोबर दिसले होते. दुसरा आक्षेप असा, की हा पैशाचा प्रश्नच नाही, मानाचा आहे. विधिशास्त्राच्या प्राध्यापक जोन विल्यम्स सांगतात की श्वेतवर्णीय कामगारवर्गाला श्रीमंतांबद्दल कौतुक असते आणि चीड असते ती डॉक्टर, शिक्षक, मॅनेजर यांची, कारण रोज हुकूम देतात ते हेच. निरीक्षण अचूक आहे. पण त्या हुकुमाची सनद पदवीच आहे, त्यामुळे मानाचा प्रश्न फिरून पुन्हा फीच्या पावतीपाशीच येतो. काही राज्यांनी या सनदेचा आग्रहही सोडला आहे: २०२२ मध्ये मेरीलँडने आणि पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने हजारो सरकारी नोकऱ्यांसाठीची पदवीची अट काढली. पहिल्या राज्याचा गव्हर्नर रिपब्लिकन होता, दुसऱ्याचा डेमोक्रॅट.

न्यू जर्सी किंवा बे एरियात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही या रागाची धग लागते, आणि दरवेळी तिचे कारण वर्णद्वेषच असते असे नाही. भारतीय वंशाच्या घरांचे मध्यम उत्पन्न तिथल्या एकूण मध्यम उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास आहे. यातल्या अनेकांची अभियांत्रिकीची पहिली पदवी भारतीय करदात्याच्या पैशावर झाली आहे. हीसुद्धा एक सवलतच, आणि आपल्याकडच्या कर्तृत्वकथांत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची ‘ग्रॅड प्लस’ ही कर्जयोजना २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केली आणि उच्च शिक्षणाच्या सरकारी कर्जांवर मर्यादा घातल्या. त्याच कायद्याने राज्य व स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा १० हजारांवरून ४० हजार डॉलर केली. तिचा मुख्य लाभ न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या महागड्या घरांच्या मालकांना होतो, आणि त्या वजावटीला ‘माफी’ असे अजून कोणी म्हटलेले नाही.