परसबाग : वाटाण्यास उशीर नको
आरमोरीहून एका वाचक भगिनींनीं लिहिलें आहे कीं, दोन वर्षें परसांत वाटाणा लावला, वेल गुडघाभर वाढले, फुलेंहि आलीं. परंतु शेंगा जवळजवळ धरल्याच नाहींत. जमिनीचा दोष असेल काय? त्यांच्या पत्रांत एक वाक्य सहज येऊन गेलें आहे : "संक्रांतीला रोपें वीतभर होतीं." दोष येथेंच आहे, जमिनींत नाहीं.

हाच अनुभव आम्हीं चंद्रपुरांत घेतलेला आहे, आणि तो थोडा लाजिरवाणा असला तरी सांगतों. आमच्या मातोश्रींचें माहेर जबलपुरचें. तिकडील हिरवा वाटाणा नांवाजलेला. पण शेंग तोडतांच दाण्यांतील साखरेचें पिष्ट होऊं लागतें, त्यामुळें पोत्यांतून प्रवास करून आलेल्या वाटाण्यास ती गोडी राहत नाहीं. मातोश्री ऐंशीच्या पुढें. "एकदां वेलावरचा दाणा तोंडांत टाकावा असें फार मनांत आहे रे," असें त्या एके दिवशीं म्हणाल्या, आणि आम्हीं मोठ्या उमेदीनें वाफा खणला.

परंतु त्या वर्षीं दिवाळीचे पाहुणे, मागून घराची डागडुजी, असें करतां करतां बीं पेरावयास डिसेंबरचा मध्य उजाडला. बीं उत्तम होतें, खतपाण्यांत कसूर नव्हती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत पांढरीं फुलें आलीं, आणि त्याच सुमारास दुपारचें ऊन तापूं लागलें. वाटाणा हा थंडीचा जीव. १० ते २० अंशांत तो सुखी असतो. पारा तिसाच्या वर टिकूं लागला कीं फूल शेंग न धरतांच गळतें. चंद्रपुरास फेब्रुवारी सरतांना पारा तीस ओलांडून गेलेला असतो. त्यांत पानांवर भुरी पडली. साऱ्या वाफ्यांतून अकरा शेंगा निघाल्या. मातोश्रींनीं त्या मोजल्या आणि कांहींच बोलल्या नाहींत.

उपाय सांपडला तो मूलजवळच्या एका धानाच्या बांधींत. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या भागांत, आणि १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतहि, धान कापणीस येतां येतां उभ्या पिकांतच लाखोळी फेकतात. जमिनींतील ओल तिला पुरते आणि सगळी थंडी पदरांत पडते. लाखोळी ही वाटाण्याची सख्खी नसली तरी चुलत बहीण खरी. फूल व शेंग पाहतांच नातें कळतें. आम्हीं त्या शेतकऱ्यास विचारलें, "कापणी झाल्यावर निवांतपणें कां पेरीत नाहीं?" ते हसून म्हणाले, "मंग थंडी का उसनी आनाची जी?"

तेव्हांपासून बियाण्याच्या पुडीवरील तारखेपेक्षां आम्ही लाखोळीकडे पाहतों. आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरणी उरकावी. त्याहून आधींहि घाई नको, कारण ऊबदार ओल्या मातींत बीं कुजतें. वाण अर्केल घ्यावा; तो बुटका असून सुमारें ६० दिवसांत तोडणीस येतो. बोनव्हिल चवीस चांगला, परंतु त्यास तीनेक आठवडे अधिक लागतात, आणि इतका खर्च आपल्या हिवाळ्यास परवडत नाहीं.

बीं रात्रभर भिजवून, एकेक फुटावरच्या ओळींत दोन-दोन इंचांवर, दीड इंच खोल टोंचावें. शेणखत जुनें व कुजलेलें असावें. ताज्या खतानें नुसता पाला माजतो. आधारास तुराट्या पुरतात. पाणी बेतानें, मात्र फुलांच्या व दाणे भरण्याच्या वेळीं वाफा सुकूं देऊं नये. भुरी दिसतांच पाण्यांत मिसळणारें गंधक लिटरास अडीच-तीन ग्रॅम घेऊन सकाळीं फवारावें. वानरांवर मात्र जाळीवांचून इलाज नाहीं. बुजगावण्याच्या डोक्यावर बसून शेंग सोलणारें वानर आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

पुढच्या वर्षीं नाताळच्या आंतच पहिली तोडणी झाली. मातोश्रींची खुर्ची कोंवळ्या उन्हांत वाफ्याशीं नेऊन ठेवली. त्यांनीं शेंग स्वतः सोलली, चार दाणे खाल्ले, उरलेले नातीच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "जबलपुराचाच आहे." बीं तिकडचें नव्हतें, पण वाद कोण घालणार?

बियाण्याविषयीं एक सांगावयाचें राहिलें. वाटाण्याचें फूल उमलण्यापूर्वींच स्वतःच्या परागानें फळतें. त्यामुळें दोन वाण शेजारीं असले तरी सहसा मिसळत नाहींत. आज चेक देशांत असलेल्या ब्रनो शहरीं मठाच्या बागेंत मेंडेलनें १८५६ पासून जे प्रयोग केले, त्यांस वाटाणाच निवडण्याचें हें एक कारण होतें. सरळ वाणाचें बीं म्हणूनच घरीं धरतां येतें. दोन-चार निरोगी वेलांच्या शेंगा वेलावरच वाळूं द्याव्या, दाणे उन्हांत कडक करावे आणि कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह बरणींत बंद ठेवावे, म्हणजे भुंग्याचा उपद्रव कमी होतो. आमच्या बरणींतील मूठभर बीं आरमोरीस टपालानें रवाना केलें आहे. शेजारच्या बांधींत लाखोळी पडण्यापूर्वीं तें पोहोंचावें.