‘रानचे पाखरू’ आणि आमची लेखणी

अरण्याविषयी मराठीत काही लिहावयाचे म्हटले की लेखकमहाशयांच्या शिदोरीत तीन जिनसा हटकून निघतात: एक चांदणी रात्र, एक वाघ आणि एक ‘रानचे पाखरू’. हे पाखरू म्हणजे पक्षी नव्हे, हे वाचकांस सांगणे नको. ती ठाकराची किंवा कातकऱ्याची सतरा-अठरा वर्षांची, निष्पाप हसणारी पोर. तिला बांधा असतो, केसांत फूल असते. कर्ज आणि मत मात्र नसते. वाघ पुरुषाचे शौर्य दाखविण्यासाठी, चांदणे त्याचे मन हळुवार असल्याचे सिद्ध करण्यासाठी, आणि ही मुलगी ते दोन्ही पाहून थक्क होण्यासाठी! पुण्यातील दिवाणखान्यात बसून हे वाचताना आम्हांसही पुष्कळ वर्षे गोडच वाटत आले. तेव्हा पुढील दोषारोपात आमचाही वाटा आहे, हे आधीच कबूल करतो.

हिणकस लेखनाला झोडपण्यात पुरुषार्थ नाही. म्हणून चांगल्या कृतीचीच साक्ष काढू. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७ साली चित्रपट केला. त्यातील नाग्या ठाकर लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशीशी वैर धरतो आणि अखेर तिची पोळी उतरवितो. परंतु हे ‘जैत’ पदरी पडते तेव्हा, नकोशा नवऱ्याचे घर सोडून धीटपणे त्याची झालेली चिंधी माश्यांच्या दंशांनी गतप्राण झालेली असते. रानाला मादीचे रूप द्यावयाचे, तिच्यावर पुरुषाने विजय मिळवावयाचा, आणि त्या विजयाची किंमत खऱ्या स्त्रीने भरावयाची! हा विजय कोणाचा, असा भेदक उपरोध त्या कथेच्याच पोटात आहे. आम्ही रसिक मात्र गाणी गुणगुणत घरी परतलो.

ही खोड केवळ आमचीच नव्हे. फिनलंडच्या उत्तरेकडील ओसाड रान आणि त्यात एकटाच झुंजणारा अबोल पुरुष हे चित्र त्या देशाच्या साहित्यातही फार दिवस मिरवले. पण त्याच लॅपलंडात १९५८ साली जन्मलेल्या रोझा लिक्सोम या लेखिकेने आपल्या कथांतून त्या पुरुषाची कोरड्या विनोदाने थट्टा केली. आमच्याकडे ही थट्टा कोणी करावयाची?

करण्यास समर्थ स्त्रिया आहेत. आमचेच कान तिकडे नाहीत. वारल्यांच्या लग्नात भिंतीवरचा चौक सुवासिनी रेखाटतात आणि विवाह लावते ती गाणी म्हणणारी धवलेरी, म्हणजे एक स्त्री! पुण्यात स्त्रियांनी पौरोहित्यास आरंभ केला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्या सुधारणेचे आम्ही केवढे कौतुक केले! मागासलेले नेमके कोण, हा प्रश्न येथे विचारावासा वाटतो. पुण्यातच १९०७ साली जन्मलेल्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात याच वारल्यांच्या लग्नाची दुसरी बाजू दाखविली. लग्नासाठी जमीनदाराचे कर्ज काढणारा तरुण त्याचा ‘लग्नगडी’ ठरे. तो तर राबेच, पण त्याच्या बायकोचीही त्या वेठीतून सुटका नसे. आमच्या लेखकांना चांदण्यात तारप्याचा नाच दिसला. नाचणाऱ्यांच्या मानेवरचे जू दिसले नाही. पुढे नजूबाई गावितांनी ‘तृष्णा’ लिहून हे जिणे आतून सांगितले. परंतु किती घरांतील कपाटांत ते पुस्तक आहे?

‘शब्दांनी कोणाचे काय बिघडते?’ असे कोणी म्हणेल. पुष्कळ बिघडते. रान ‘अस्पर्श कुमारिका’ ठरले की त्यास कोणी धनी नाही असे ठरते. आणि धनी नाही तेथे सरकार धनी होते. १८७८ च्या वनकायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांना आपल्याच रानात आगंतुक केले. या ऐतिहासिक अन्यायाची कबुली देण्यास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. त्याच कायद्यात असे कलम आहे की, विवाहित असल्यास जमिनीच्या हक्कपत्रावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लागावे. कायद्याच्या रुक्ष भाषेला जी स्त्री दिसली, ती आमच्या रसाळ लेखणीला दिसू नये, याहून मोठा उपरोध तो कोणता?

अरण्यावर लिहूच नका, असे आमचे म्हणणे नाही. लिहावे, मात्र त्या मुलीस आधी तिचे नाव विचारावे, आणि शक्य झाल्यास ती कशाला हसते तेही. ती निरागसपणे हसते, असे आम्ही आजवर लिहीत आलो. ती आम्हांलाच हसत असेल, ही शंका आमच्यापैकी फारच थोड्यांच्या मनात आली.